राज्य शंकराचे, कारभार अहिल्याबाईंचा

महेश्वरच्या किल्ल्यात, होळकरांच्या जुन्या वाड्याच्या परिसरात, एक नित्यविधी पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ब्रह्मवृंद मातीची लहान लहान शिवलिंगे वळतात, ती पाटावर ओळीने मांडतात, त्यांची यथासांग पूजा करतात आणि पूजा आटोपली की नर्मदेच्या प्रवाहात सोडून देतात. सकाळी घडविलेला देव दुपारच्या आत पाण्यात विरघळून जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा माती, पुन्हा पूजा आणि पुन्हा विसर्जन. ही लिंगार्चनाची परंपरा ज्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली, त्या अहिल्याबाई होळकरांच्या आयुष्याकडे पाहू लागले की या विधीचा अर्थ निराळा भासू लागतो. त्यांनीही एकेक माणूस हौसेने जपले आणि एकेक माणूस आपल्या डोळ्यांदेखत काळाच्या प्रवाहात सोडून दिले. तरीही दुसऱ्या दिवशी त्यांचा दरबार भरत असे.

महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या मराठी माणसाला अहिल्याबाईंविषयी विशेष आपुलकी वाटते. इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर, वडोदरे या नगरांतली मराठी वस्ती ज्या लष्करी मोहिमांच्या मागोमाग रुजली, त्यांचा इतिहास तलवारीचा आहे. त्या इतिहासात माळव्याच्या रयतेने एका मराठी स्त्रीला मातोश्री म्हणून स्वीकारले आणि जिवंतपणीच तिच्याकडे देवत्वाच्या भावनेने पाहिले, ही गोष्ट लहान नाही. मात्र देवत्वाच्या या प्रभावळीत माणूस झाकला जातो. हातात शिवपिंडी घेतलेली, पांढऱ्या वस्त्रांतली, डोक्यावरून पदर घेतलेली शांत मुद्रा आपण चित्रांतून पाहतो. त्या शांतीची किंमत काय होती, हे चित्रात दिसत नाही.

अहिल्याबाईंचा जन्म 1725 मध्ये चौंडी या लहानशा गावी झाला. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते आणि घराणे धनगर समाजातले होते. मुलींनी अक्षरओळख करून घेण्याची चाल नसलेल्या त्या काळात या मुलीला लिहिता-वाचता येऊ लागले, आणि तिला लागलेले पुराणश्रवणाचे वेड अखेरपर्यंत टिकले. परंपरा असे सांगते की, मल्हारराव होळकरांनी या मुलीला गावच्या शिवमंदिरात पाहिले आणि तिच्या चालण्याबोलण्यातली निष्ठा पाहून तिला सून म्हणून पसंत केले. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास मल्हाररावांचे एकुलते एक पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

होळकरांचे घर म्हणजे सतत हलणारी छावणी होती. मल्हारराव उत्तरेच्या मोहिमांत गुंतलेले असत आणि घरचा कारभार सासूबाई गौतमाबाई पाहत. या दोघांच्या हाताखाली अहिल्याबाई हिशेब, पत्रव्यवहार, वसुली, दाणागोटा आणि तोफखान्याची बेगमी शिकल्या. 1745 मध्ये पुत्र मालेराव आणि त्यानंतर तीन वर्षांनी कन्या मुक्ताबाई यांचा जन्म झाला. संसार मांडला गेला असे वाटत असतानाच पहिला घाव बसला.

1754 च्या मार्चमध्ये मराठ्यांच्या फौजा राजा सूरजमल जाटाच्या कुंभेरीच्या किल्ल्याला वेढा घालून बसल्या होत्या. त्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले. अहिल्याबाई तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांच्या होत्या. खंडेरावांच्या इतर स्त्रिया सती गेल्या आणि अहिल्याबाईंनीही तीच तयारी केली. त्या काळच्या समजुतीप्रमाणे तोच धर्म होता, तोच मान होता आणि दुःखातून सुटण्याचा तोच सोपा मार्ग होता. मुलगा गमावलेल्या वृद्ध मल्हाररावांनी त्यांच्यापुढे पदर पसरला. आपल्याला आता दुसरे कोणी उरले नाही, दौलत सांभाळायला तूच माझा मुलगा आहेस, अशा आशयाची त्यांची विनवणी होती. अहिल्याबाई मागे फिरल्या.

त्या मागे फिरण्याचे महत्त्व आपण सहसा पुरेसे ओळखत नाही. मरणानंतरचे पुण्य त्यांच्यापुढे उभे होते आणि त्यांनी जगण्यातले कर्तव्य पत्करले. ज्या समाजात विधवेने चितेवरून परतणे हेच लांच्छन मानले जाई, त्या समाजात उरलेले एकेचाळीस वर्षांचे आयुष्य काढण्यासाठी आधार कोणाचा घ्यायचा, हा प्रश्न त्या दिवशी त्यांच्यापुढे उभा राहिला असणार. त्यांनी शंकराचा आधार घेतला. अंगावर पांढरे वस्त्र आले, दागिने उतरले आणि पूजा हा दिवसाचा कणा झाला. त्याच वेळी वसुलीचे कागदही त्यांच्यापुढे येऊ लागले. मल्हारराव मोहिमेवर असताना मुलकी कारभाराचा भार त्यांच्यावर वाढत गेला.

पुढची बारा-तेरा वर्षे म्हणजे आपत्तींची माळच होती. 1761 च्या जानेवारीत पानिपतावर मराठ्यांची एक अख्खी पिढी कापली गेली. त्याच वर्षी गौतमाबाई निवर्तल्या. 20 मे 1766 रोजी ग्वाल्हेरजवळच्या आलमपूर येथे मल्हाररावांनी देह ठेवला. सुभेदारी नातू मालेरावांकडे आली. परंतु मालेरावांच्या मनाचा तोल ढळलेला होता. त्यांच्या वेडाच्या आणि क्रौर्याच्या कथा पुढे अनेकांनी लिहिल्या. आई म्हणून अहिल्याबाई त्यांच्या बिछान्याशी रात्रंदिवस बसून राहिल्या, एवढे सर्वच सांगतात. पिशाचबाधा मानून जे उपाय त्या काळी करत, ते सर्व झाले. प्रार्थना झाल्या, अनुष्ठाने झाली. 1767 च्या वसंतात, जेमतेम बाविशीतला हा एकुलता मुलगा गेला.

इथे थोडे थांबून विचार करावासा वाटतो. अहिल्याबाईंची भक्ती फळाच्या हिशेबावर उभी असती, तर ती याच क्षणी कोसळली असती. पती गेला, सासू-सासरे गेले, पुत्रासाठी घातलेले साकडेही फुकट गेले. देवाने काहीही राखले नव्हते. त्यांनी मात्र देवाशी असलेले नाते तोडले नाही. त्या नात्याचे रूप मात्र पुढच्या काही महिन्यांत कसे बदलले, हे त्यांच्या कृतींतून स्पष्ट दिसते.

मालेरावांच्या मृत्यूने होळकरांची गादी रिकामी झाली. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सुचविले की, एखादे लहान मूल दत्तक घेऊन गादीवर बसवावे. तसे झाले असते, तर सत्ता आपोआप दिवाणाच्या हाती गेली असती. अहिल्याबाईंनी हे नाकारले. एका सुभेदाराची पत्नी आणि दुसऱ्याची माता असलेल्या आपल्याला वारस निवडण्याचा अधिकार आहे, अशी त्यांची भूमिका होती. चंद्रचूडांनी राघोबादादांना गाठले. निपुत्रिक दौलत खालसा करावी आणि खजिना ताब्यात घ्यावा, हा मोह राघोबादादांना पुरेसा होता. ते फौज घेऊन उज्जैनच्या रोखाने निघाले.

एकुलत्या मुलाच्या मृत्यूला अजून काही महिनेही झाले नव्हते. अशा वेळी शोकाने खचून सर्व सोडून देणारी व्यक्ती आपल्याला समजू शकते, आणि सूडाने पेटणारीही समजू शकते. अहिल्याबाईंनी तिसरा मार्ग धरला. त्यांनी पेशवे माधवरावांकडे आपली बाजू मांडली. महादजी शिंदे, नागपूरकर भोसले, बडोद्याचे गायकवाड यांना पत्रे गेली. तुकोजी होळकर फौजेसह क्षिप्रेच्या काठी उभे राहिले. आणि राघोबादादांना जो निरोप गेला त्याचे सार असे होते की, स्त्रीला जिंकले तर त्यात कीर्ती नाही आणि स्त्रीकडून हरले तर तोंड दाखवायला जागा नाही. पुण्याहून पेशव्यांनीही अहिल्याबाईंचाच पक्ष घेतला. राघोबादादांनी आपण मालेरावांच्या दुखवट्यासाठी आलो आहोत असे सांगून वेळ निभावली आणि पाहुणचार घेऊन ते परतले. रक्ताचा थेंबही सांडला नाही.

या प्रसंगातले धैर्य कोठून आले, याचे उत्तर त्यानंतरच्या व्यवस्थेत सापडते. अहिल्याबाईंनी सैन्याची सूत्रे तुकोजींकडे दिली. तुकोजी पोटचे नव्हते आणि वयाने त्यांच्याहून लहानही नव्हते. तरी ते त्यांना मातोश्री म्हणत. मुलकी कारभार अहिल्याबाईंनी स्वतःकडे ठेवला आणि नर्मदेकाठी महेश्वरी बस्तान हलविले. होळकरांच्या खासगीच्या संपत्तीवर तुळशीपत्र ठेवून त्यांनी ती धर्मकार्याला अर्पण केली, असे परंपरा सांगते. राज्य शंकराचे आहे, आपण त्याच्या वतीने कारभार पाहतो, अशी धारणा त्यांनी बाळगली आणि हुकूमनाम्यांवरही स्वतःच्या नावाऐवजी श्रीशंकराचे नाव घातले.

याला नुसता भाविक उपचार समजणे चुकीचे ठरेल. आपली सत्ता देवाच्या नावावर लिहून देणारे राजे इतिहासात पुष्कळ झाले आणि त्यांतल्या अनेकांनी देवाचे नाव आपल्या मनमानीला ढाल म्हणून वापरले. अहिल्याबाईंच्या बाबतीत त्या नावाने मनमानीचा रस्ताच बंद केला. मालक देव असेल तर कारभाऱ्याने हिशेब चोख ठेवला पाहिजे. रयतेचा पैसा स्वतःच्या सुखासाठी वापरणे ही चोरी ठरते. आणि जे आपले नाहीच, ते हिरावले जाण्याची भीती कसली? राघोबादादांच्या फौजेपुढे जे स्थैर्य दिसले, त्याचे मूळ मला या भूमिकेत दिसते.

त्यांच्या दिनक्रमाचे तपशील सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने नोंदवून ठेवले. अहिल्याबाईंच्या मृत्यूनंतर दोन-अडीच दशकांनी त्याने माळव्यातल्या वृद्ध माणसांना विचारून ही माहिती गोळा केली आणि 1823 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ती दिली. परक्या सत्तेचा हा माणूस स्तुती ऐकून साशंक झाला होता. पण जितकी चौकशी केली तितका आदरच वाढत गेल्याचे त्याने कबूल केले. त्याच्या माहितीनुसार अहिल्याबाई उजाडण्यापूर्वी तासभर उठत. स्नान, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म आणि ब्राह्मणभोजन झाल्यावर त्या साधे शाकाहारी जेवण घेत. थोड्या विश्रांतीनंतर दुपारी दोनच्या सुमारास दरबार भरे आणि तो सूर्यास्तापर्यंत चाले. पुन्हा दोन-तीन तास पूजा आणि फराळ झाला की रात्री नऊपासून अकरापर्यंत परत कामकाज. सणवार आणि आणीबाणीचे प्रसंग सोडले, तर अठ्ठावीस वर्षे हा क्रम मोडला नाही.

दरबारात त्या पडद्याआड बसत नसत. कोणालाही त्यांच्यापुढे येऊन गाऱ्हाणे सांगता येई. इंदूरच्या देवीचंद नावाच्या सावकाराचा निपुत्रिक मृत्यू झाला, तेव्हा तुकोजींच्या छावणीतून त्याच्या संपत्तीवर हक्क सांगण्यात आला. सावकाराची विधवा महेश्वरी धावली. अहिल्याबाईंनी तिची बाजू उचलून धरली आणि तुकोजींना इंदुरातून मागे हटण्यास सांगितले. निपुत्रिक विधवेचे धन सरकारजमा करण्याची जी रीत सर्वत्र रूढ होती, तिला त्यांच्या मुलखात थारा नव्हता. निपुत्रिक म्हणून स्वतःच्या दौलतीवर चालून आलेली फौज त्या विसरल्या नसाव्यात.

डोंगरातल्या भिल्लांच्या लुटीने वाटा धोक्याच्या झाल्या होत्या. आधी बळाचा वापर झाला; मग त्यांचा भिलकवडी नावाचा वाटेवरचा जुना हक्क मान्य करून वाटसरूंच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावरच टाकण्यात आली. महेश्वरात विणकर आणून वसविले गेले. तिथली साडी आजही त्या वसाहतीची साक्ष देते. रामपुऱ्याच्या चंद्रावतांचे बंड मात्र सैन्य पाठवून कठोरपणे मोडण्यात आले. त्यांच्या शांत वृत्तीत दुबळेपणा नव्हता.

आणि मग ती बांधकामे. काशी विश्वेश्वराचे मंदिर, गयेचे विष्णुपद मंदिर, सोमनाथाचे नवे देवालय, वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार, काशीचा मणिकर्णिका घाट. यांच्या जोडीला देशभर विहिरी, बारव, धर्मशाळा, अन्नछत्रे. दक्षिणेतल्या देवस्थानांना त्या दरवर्षी गंगाजल पाठवीत. यांपैकी बहुतेक ठिकाणे होळकरांच्या राज्यात नव्हती. जिथून एक पैही वसूल व्हायची नाही, अशा मुलखात त्यांनी पाण्याची आणि सावलीची सोय केली. उन्हाळ्यात नांगर हाकणाऱ्या बैलांना पाणी पाजण्यासाठी माणसे नेमल्याचे माल्कमने लिहिले आहे. या दानधर्मावर टीकाही झाली. उत्तरेत लढणारे तुकोजी पैशांच्या तंगीने त्रासलेले असत आणि महेश्वरकडून रक्कम मिळत नाही, ही त्यांची कायमची तक्रार होती. तोही वाद पूर्णपणे निराधार नव्हता. दोघांच्या पत्रव्यवहारात कडवटपणा पुष्कळ आहे. भक्तीने राज्यकारभारातल्या अडचणी आपोआप सुटत नाहीत, हे अहिल्याबाईंनीही भोगले.

सर्वांत कठीण परीक्षा आयुष्याच्या संध्याकाळी आली. कन्या मुक्ताबाईंचा विवाह यशवंतराव फणसे यांच्याशी झाला होता. त्यांचा मुलगा नथ्याबा हा आजीचा विसावा होता. 1790 च्या सुमारास तो ऐन तारुण्यात गेला. वर्षभराने, 1791 मध्ये, यशवंतरावही गेले. मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय जाहीर केला.

सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्याने ज्या उंबऱ्यावरून अहिल्याबाईंना परत आणले, त्याच उंबऱ्यावर आता त्यांची मुलगी उभी होती आणि परत आणण्याची पाळी त्यांची होती. राज्याची स्वामिनी असलेल्या या वृद्ध आईने मुलीपुढे अक्षरशः लोळण घेतली. मला एकटी टाकून जाऊ नकोस, अशी विनवणी केली. मुक्ताबाईंचे उत्तर मृदू पण अढळ होते. आई थकलेली आहे, थोड्या वर्षांत तीही जाईल. पती आणि पुत्र गेल्यावर त्यानंतरचे रिकामे आयुष्य कसे काढायचे, आणि तेव्हा मानाने मरण्याची संधीही उरलेली नसेल, असा तिचा युक्तिवाद होता. अहिल्याबाईंनी आपला राजाधिकार वापरून तिला रोखल्याचा उल्लेख कोठेही नाही. रोखायला हवे होते, असे आज आपल्याला वाटते आणि ते वाटणे योग्यच आहे. पण ज्या श्रद्धेने त्यांना बळ दिले, ती श्रद्धा त्यांच्या काळातलीच होती आणि त्या काळाच्या मर्यादाही तिच्यात होत्या. स्वतःच्या बाबतीत त्या ती मर्यादा ओलांडू शकल्या होत्या. मुलीला मात्र त्या ओलांडायला लावू शकल्या नाहीत.

त्या चितेपर्यंत चालत गेल्या. दोन ब्राह्मणांनी त्यांना दोन्ही दंडांनी धरले होते. अग्नी पेटला तेव्हा त्यांचा धीर सुटला. त्या किंचाळल्या, धरून ठेवलेले हात सोडवता येईनात तेव्हा आपलेच हात चावू लागल्या. सर्व आटोपल्यावर त्यांनी नर्मदेत स्नान केले आणि वाड्यात गेल्या. तीन दिवस अन्न घेतले नाही. एक शब्दही बोलल्या नाहीत.

अहिल्याबाईंच्या चरित्रातली ही तीन दिवसांची शांतता बहुतेक गौरवलेखांत झटकन ओलांडली जाते. मला ती सर्वांत बोलकी वाटते. देवावर भरवसा ठेवणाऱ्याला दुःख होत नाही, ही समजूत त्या तीन दिवसांपुढे टिकत नाही. चाळीस वर्षे शंकराची पूजा केलेल्या स्त्रीचा आक्रोश नर्मदेच्या काठाने ऐकला. श्रद्धेने तिचे हृदय दगडाचे केले नव्हते. श्रद्धेने जे दिले ते चौथ्या दिवसासाठी होते. चौथ्या दिवशी त्या उठल्या. लेक-जावयाचे स्मारक बांधण्याची व्यवस्था केली. पूजा सुरू झाली, पुराण सुरू झाले आणि दुपारी दरबार भरला. गाऱ्हाणे घेऊन आलेल्या माणसाला मातोश्री पुन्हा समोर बसलेल्या दिसल्या.

त्यानंतर त्या साडेतीन वर्षांहून अधिक जगल्या. 1793 मध्ये लाखेरी येथे शिंदे-होळकरांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या आणि होळकरांचा मोठा पराभव झाला. मराठ्यांचीच घरे एकमेकांशी लढताना पाहण्याचे दुःखही त्यांच्या वाट्याला आले. शरीर व्रतवैकल्यांनी झिजले होते. 13 ऑगस्ट 1795 रोजी महेश्वरात, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. दोन वर्षांनी तुकोजीही गेले. वारसांत तंटे सुरू झाले आणि पुढची वीस वर्षे माळव्याने लूट, जाळपोळ आणि पेंढाऱ्यांचा उच्छाद पाहिला. माल्कमला जी वृद्ध माणसे भेटली, त्यांच्या आठवणींत अहिल्याबाईंचा काळ इतका उजळ का होता, याचे एक कारण त्या नंतरच्या अंधारात आहे.

माल्कमनेच एक लहानसा प्रसंग नोंदविला आहे. एका विद्वानाने अहिल्याबाईंच्या स्तुतीचा ग्रंथ रचून त्यांना वाचून दाखविला. त्यांनी तो अखेरपर्यंत ऐकून घेतला आणि नर्मदेत टाकून देण्यास सांगितले. ग्रंथकर्त्याची पुढे दखलही घेतली नाही. स्वतःची स्तुती त्यांनी नदीत सोडली आणि बांधलेल्या विहिरी, घाट, धर्मशाळा लोकांच्या हाती सोडल्या.

संकटाच्या काळात देवाकडे वळणारी माणसे बहुधा एकच मागणे मागतात. संकट टळू दे. अहिल्याबाईंच्या बाबतीत संकट एकदाही टळले नाही. त्यांच्या देवाने त्यांचे एकही माणूस राखले नाही. त्यांना मिळाले ते एवढेच, की राज्य, धन आणि माणसेही आपल्या मालकीची नाहीत, ती सांभाळण्यासाठी आपल्याकडे दिलेली आहेत, ही जाणीव. तिच्या बळावर त्यांनी लक्षावधी माणसांना तीन दशके सुखाची झोप दिली. महेश्वरात मातीची शिवलिंगे अजूनही वळली जातात. घाटाच्या पायऱ्यांवर बसलेला वाटसरू ती पाण्यात विरघळताना पाहतो आणि ज्या पायरीवर तो बसलेला असतो, ती अहिल्याबाईंनी बांधलेली असते.